पेला, पाला की मेथी? शुगरसाठी काय निवडावं

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून मामांनी विजयसाराचा लाकडी पेला आणला आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांची गोळी बंद केली. रात्रभर पेल्यात ठेवलेलं पाणी रोज सकाळी काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरायचे. कोऱ्या चहासारखं तांबूस, कडेला निळसर झाक. म्हणायचे, "बघ, औषध उतरलंय." दीड महिन्यानं उपाशीपोटी शुगर 240 आली. यंत्रमागावर उभ्यानं पाळी काढणारा माणूस, पायाला मुंग्या येऊनही कुणाला बोलला नव्हता. तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते: वनस्पतीत गुण असेलही, पण तो किती आणि कशावरून, ते बघा.

विजयसार म्हणजे आपला बिबला. याची चाचणी खरंच झाली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, 1998 साली प्रसिद्ध झालेली. नव्यानं निदान झालेल्या 97 जणांपैकी 67 जणांची शुगर 12 आठवड्यांत आटोक्यात आली. हाच आकडा विक्रेते सांगतात. पण त्याच चाचणीत तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, 9.8 वरून 9.4 वर आली, एवढीच. शिवाय तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि शुगर निघाली म्हटल्यावर माणूस चहातली साखर तशीही कमी करतो. तिथं औषध मोजून दिलं होतं, पेल्यात ते मोजायचं कसं? पेला जुना होईल तसा पाण्याचा रंग फिका पडतो, म्हणजे पहिल्या आठवड्याचा आणि सहाव्या महिन्याचा डोस एक नव्हेच.

गुडमार या वेलीचा पाला मी स्वतः चावून पाहिला. वर तीळगूळ खाल्ला तर गूळ मातीसारखा लागला, अर्धा तास जिभेला गोडच कळेना. गोडाची सवय मोडायला हे कामाचं आहे, पण जिभेला गोड न लागणं वेगळं आणि रक्तातली साखर उतरणं वेगळं. मद्रासच्या 1990 च्या अभ्यासात 22 रुग्णांना नेहमीच्या गोळीच्या जोडीला रोज 400 मिलिग्रॅम अर्क दिला. 18 ते 20 महिन्यांनी 5 जणांची गोळी थांबवता आली. आशा वाटावी असं आहे, पण माणसं थोडी आहेत. आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना डॉक्टरांना न सांगता गुडमार घेतलं तर शुगर एकदम खाली जाऊन चालू मागावर घेरी येऊ शकते.

मेथी मला तिघांत बरी वाटते. तिच्यातला चिकट तंतू जेवणातली साखर रक्तात सावकाश जाऊ देतो, आणि मधल्या मारुतीजवळ कुठल्याही किराणा दुकानात ती मिळते. मात्र बऱ्याच अभ्यासांत रोज 25 ग्रॅम किंवा त्याहून जास्त दिलेली आहे, चमचाभर नाही. एकदम तेवढी घेतली तर पोट फुगतं, म्हणून हळूहळू वाढवा.

औषध म्हणून कारल्याचं थोडक्यात: 2012 पर्यंतच्या 4 चाचण्या, 479 माणसं एकत्र पाहिली, तरी उपयोग सिद्ध झाला नाही. भाजी खुशाल खा.

गोळी "केमिकल" म्हणून नको असेल तर हे ऐका. मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी सुचली तीच युरोपातल्या गॅलेगा या झुडपातल्या द्रव्यावरून. फ्रान्सच्या ज्याँ स्टर्न यांनी 1957 मध्ये मधुमेहींवरचे निकाल मांडले. ही गोळी एचबीएवनसी साधारण 1 ते 1.5 ने उतरवते. विजयसाराचं ते 0.4 (9.8 वरून 9.4) याच्याशेजारी ठेवून बघा.

वनस्पती घ्यायचीच तर गोळी चालू ठेवून, डॉक्टरांना सांगून, एका वेळी एकच. आधी एचबीएवनसी करा, तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा. सोबत यकृत आणि किडनीची तपासणीही करा. मामांनी आता गोळी आणि भिजवलेली मेथी धरली आहे. दोन्ही रिपोर्ट त्यांनी डब्याच्या पिशवीत घडी करून ठेवलेत. पेल्याचं विचारलं तर ते रिपोर्टच पुढं करतात.