चेंजओव्हर (घराची लाईन मेनवरनं जनरेटरवर बदलायचा स्विच) बसवून ८ महिने झाले, जनरेटर वापरणाऱ्यांनी वाचा

जुळे सोलापूरला राहतो, आमच्याकडं नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांनी आणि नेमकी त्याच टायमाला लाईट गेली की मोटार बंद, हौद कोरडा, घरात शिमगा. म्हणून २.५ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतला. सांगायला लाज वाटते, पण पहिले दोन महिने दोन्ही टोकांना पिनटॉप (प्लग) लावलेली वायर हॉलच्या सॉकेटमध्ये खुपसून चालवत होतो, मेन पाडायचं तेवढं ध्यानात ठेवायचं. एक दिवस पोरगं ती वायर गोळा करायला गेलं, एक टोक सॉकेटमधनं निघालेलं आणि जनरेटर चालू! पिनेला हात लागायला वीतभर राहिलं होतं. वायर तिथंच कापली.

लायसनवाल्या वायरमनला बोलावलं, तो म्हणाला मेन पाडायची विसरला असता तर करंट उलटा डीपीकडं (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरकडं) जातो, २३० चे तिथं ११ हजार होतात, खांबावर चढलेला माणूस जागेवर जातो ओ. मग ३२ अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) चेंजओव्हर बसवला, साडेचार हजार गेले सगळे मिळून. सिंगल पोल स्वस्तात मिळतो पण घेऊ नका, त्यात नुसता फेज तुटतो, न्यूट्रल दोन्हीकडचं एकच राहतं. आमच्या मशीनचं न्यूट्रल बॉडीला जोडलेलंच नव्हतं, तसं असलं की लीकेजला आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) पडेलच असं नाही, ते पण त्यानं मॅन्युअल बघून अर्थिंगसकट करून दिलं.

वापर सोपा आहे, हँडल शून्यावर, जनरेटर दोन मिनिटं रिकामा चालवायचा, मग लोड. लाईट आलेली कळायला मेनच्या बाजूला इंडिकेटर लावून घ्या, नायतर शेजाऱ्याच्या खिडकीत बघत बसायचं.

तक्रार एकच. पाचव्या महिन्यात करपल्याचा वास आला, उघडून बघितलं तर थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता वायरीचे धागे तसेच स्क्रूखाली दाबलेले, ढिले होऊन काळे पडलेले. मीटरजवळचा कटआऊट (फ्यूज) काढूनच हात घालायचा बरं का, हँडल शून्यावर असलं तरी मेनच्या बाजूला करंट असतोच.

जनरेटर मात्र अंगणातच, खिडकीपासनं लांब. जिन्याखाली ठेवायचा विचार होता, पण त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वासच नसतो.

१ एचपीची मोटार उचलतो, चालू होताना घरघरतो तेवढा. फ्रीज सोबत असला की एमसीबी पडतो, म्हणून बायकोनं हँडलखाली पट्टी चिकटवलीय, "आधी फ्रीज बंद".