दहावीनंतरची सुट्टी: घरच्या गल्ल्यावर की परक्याच्या हाताखाली?

मार्चमध्ये दहावीचे पेपर संपतात आणि अकरावीचं कॉलेज खऱ्या अर्थाने सुरू होईपर्यंत पाऊस चांगला बसलेला असतो. मधल्या काळात एमएस-सीआयटी उरकतं, मामाच्या गावचे आंबे खाऊन होतात, आणि मग एखाद्या दुपारी मोबाइल घेऊन आडव्या पडलेल्या लेकराकडे बघून घरातलं कोणीतरी म्हणतं, याला कुठंतरी कामाला तरी लावा.

कामाला लावावं की नाही, यावर मी फार शाई घालवणार नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने सुट्टीत थोडं काम केलं तर त्याचं काही बिघडत नाही, या मताचा मी आहे. ज्यांना मूल कामावर पाठवायचं की नाही हे ठरवण्याची चैनच नाही, आईबापांबरोबर ज्यांची पोरं ऊसतोडीला जातात, त्यांच्यापुढचा प्रश्न फार वेगळा आहे आणि तो इथे मिसळू नये. मी बोलतोय ते आपल्यासारख्यांबद्दल, ज्यांच्यापुढे दोन वाटा असतात: घरचं दुकान असेल तर तिथे बसवायचं, नाहीतर दुसऱ्याकडे पाठवायचं. आमच्या घरी दोन्ही झालं. साताऱ्यात आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. थोरली दहावीनंतर तिथेच बसली. धाकट्याने त्याच्या सुट्टीत गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेत काम केलं.

कायद्याचं आधी सांगून टाकतो, कारण ‘एवढ्याशा कामाला कसला कायदा’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. त्याला घरच्या धंद्यात, तेही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आणि धोक्याचं काम नसेल तर, मदत करायची मुभा आहे. चौदा ते अठरा हा गट बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने वेगळा केला. खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रिया सोडून बाकीच्या कामांवर त्यांना ठेवता येतं, पण अटी आहेत: तीन तासांनंतर किमान तासभर विश्रांती, ती धरून दिवसाला सहा तासच, आठवड्याची सुट्टी, ओव्हरटाइम नाही, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम अजिबात नाही.

या शेवटच्या अटीवर बाहेरची निम्मी कामं गळतात. धाकट्यासाठी मी आधी बाजारपेठेतच विचारलं होतं. कापडाच्या एका दुकानदाराने आनंदाने हो म्हटलं आणि मग विचारलं, “रात्री साडेनऊपर्यंत थांबेल ना?” त्याचंही खरं आहे. लग्नसराईत गिऱ्हाईक उन्हं उतरल्यावरच बाहेर पडतं. दुपारी एक ते पाच पोराने तिथे बसून साड्यांच्या घड्याच मोजायच्या आणि खरा धंदा सुरू होताना घरी जायचं, तर मालकाने त्याला ठेवावं कशाला? हॉटेलांचं तेच. डिलिव्हरीला तर गाडी लागते, आणि अल्पवयीन पोराच्या हातात गाडी सापडली की पालकाला २५,००० रुपये दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे, त्यामुळे तो विषय मी घरात निघूच दिला नाही. उरतात ती दिवसाउजेडी चालणारी कामं. शोधली तर सापडतात, पण शोधावी लागतात. घरचं दुकान इथे सरळसरळ पुढे आहे: शोधाशोध नाही, ओळख नको, जेवायला पोरगी घरी.

दुकानात थोरली काय शिकली हे मोजायला माझ्याकडे काही साधन नाही, पण एक गोष्ट बघितली. बसायला लागल्यावर थोड्याच दिवसांत तिने मला सांगितलं की सुट्या झेरॉक्सपेक्षा स्पायरल बाइंडिंगवर आपल्याला जास्त सुटतं, तर कॉलेजची पोरं प्रोजेक्टची पानं घेऊन आली की त्यांना आधी तेच विचारायला हवं. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. टोनर कितीला, कागदाची रिम कितीला, मशीन बिघडलं की मेकॅनिक किती घेतो, हे सगळं तिच्यासमोर होतं म्हणून तिला ते दिसलं. परक्याच्या दुकानात सोळा वर्षांच्या मुलीला कोण एवढं आतलं दाखवेल? धंद्याची आतली बाजू कळायला घरच्यासारखं दुसरं नाही, हे मान्यच करायला हवं.

मात्र गिऱ्हाइकाच्या लेखी ती शेवटपर्यंत मालकाची मुलगीच राहिली. आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आलेला माणूससुद्धा “पप्पा नाहीत का?” विचारायचा. चुकीच्या बाजूने पान छापलं तरी “असू दे गं बाळ” म्हणून पैसे देऊन जायचा. चूक पचत होती, आणि पचलेल्या चुकीतून कोणी फार शिकत नाही.

रोपवाटिकेत तसलं काही नव्हतं. मे महिन्यात तिथे टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं धरायची घाई असते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भिजवून ट्रेमध्ये भरायचं, ९८ खळग्यांचा एक ट्रे, प्रत्येक खळगीत बोटाने नेमका खड्डा करायचा, एकच बी टाकायचं, वरून पुन्हा कोकोपीट, आणि ट्रे एकावर एक रचून झाकून ठेवायचे. सोपं वाटतं. धाकट्याने सुरुवातीला काही खळग्यांत दोन-दोन बिया टाकल्या. मालकाने बियाण्याचं पाकीट त्याच्यासमोर धरलं, त्यावरची किंमत वाचायला लावली, आणि ते ट्रे त्याच्याकडूनच पुन्हा निवडून घेतले. ओरडला नाही, पण ‘बाळ’ही म्हणाला नाही. पोरगा त्या दिवशी जेवताना गप्प होता. मी काही विचारलं नाही. त्यानंतर घरी तो चहाच्या कपात साखर टाकतानाही चमचा सपाट करून टाकायला लागला, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं.

ऊन हा बाहेरच्या कामाचा मोठा तोटा. शेडनेटखाली असलं तरी मे महिना तो मे महिनाच. दुसरं म्हणजे औषधं. मी पहिल्याच दिवशी मालकाला सांगून ठेवलं होतं की फवारणी आणि बीजप्रक्रियेचं औषध याच्या हातात द्यायचं नाही, आणि त्याने ते पाळलं. प्रत्येक मालक पाळेल असं नाही. चार फेऱ्या मारून, अचानक जाऊन बघायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

पैशांचं थोडक्यात. थोरलीला आम्ही ‘लागेल तसे गल्ल्यातून घे’ म्हणालो, त्यामुळे तिने किती कमावले हे आजतागायत कोणालाच माहीत नाही. धाकट्याला दर शनिवारी मोजून मिळायचे आणि तो ते त्याच्या खात्यात टाकायचा. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं, रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये त्याचे नियम नव्याने दिलेत, फक्त मर्यादा बँक ठरवते. आणि एक, पोराने स्वतःच्या मेहनतीने मिळवलेलं उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात धरलं जात नाही. या रकमेवर कर लागण्याचा प्रश्नच नाही, पण आमच्या सीएने सांगितलं तेव्हा पोराची छाती उगाच दोन बोटं फुगली.

इथवर कुणी म्हणेल, दोन्हीकडे सारखंच माप आहे. माझ्यापुरतं ते एका गोष्टीवर कलंडलं. घरच्या दुकानातलं काम संपत नाही.

जून गेला, जुलै आला, थोरलीचं अकरावी सायन्स सुरू झालं. आणि तरी “जरा दहा मिनिटं गल्ल्यावर बस, मी बँकेत जाऊन येतो” हे सुरूच. बँकेत रांग असते, वाटेत कुणी भेटतं, दहाची पन्नास मिनिटं होतात. केमिस्ट्रीचं पुस्तक काउंटरवर उघडं, आणि दर दोन ओळींनंतर “ताई, दोन्ही बाजूंनी मारा”. तिला एकदा काम येतं म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाला ती हाताशी असलेली माणूस वाटू लागली: मला, तिच्या काकाला, आजीलासुद्धा. ती नाही म्हणू शकत नव्हती, कारण आपल्याच दुकानाला नाही कसं म्हणायचं? यात कुणाची नियत वाईट नव्हती, आणि मी आजही बँकेत जाताना तिलाच हाक मारीन, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच धाकट्याला मी दुकानात पाय ठेवू दिला नाही. त्याचं काम अकरावीचा प्रवेश लागला त्या आठवड्यात संपलं. मालकाने हिशेब केला, मिरचीची चार रोपं हातात दिली, विषय मिटला. सुट्टीतलं काम सुट्टीबरोबर संपलं, ही एवढीशी गोष्ट मला बाकी सगळ्यापेक्षा जड वाटते.

साताऱ्यात हा विषय निघाला की कोणीतरी कर्मवीर अण्णांचं, म्हणजे भाऊराव पाटलांचं, नाव घेतंच. अण्णांनी पोरांना कामाला लावून शिकवलं, मग दुकानात बसवलं तर काय झालं? १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात त्यांची रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह झालं, आणि ‘कमवा व शिका’ने हजारोंची शिक्षणं झाली, हे खरंच आहे. पण तिथे काम देणाऱ्याला पोराच्या शिक्षणाचीच काळजी होती. काम त्या शिक्षणासाठी होतं. माझ्या झेरॉक्स मशीनला कोणाच्या युनिट टेस्टची काळजी नसते.

तरीही घरचं दुकान कोणी निवडावं? बाहेर जायला धड एसटी नाही, आसपास दिवसाचं काम नाही, किंवा पोरीला पुढे तोच धंदा करायचाय, तर खुशाल. फक्त पहिल्या दिवशीच वेळ आणि पगार ठरवा, आणि शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून घरातल्या सगळ्यांना दाखवा. बाहेर पाठवणार असाल तर मालकाला पगाराच्या आधी सुटायची वेळ विचारा. तो “बघू, गिऱ्हाईक असेल तसं” म्हणाला तर दुसरीकडे बघा.

धाकट्याला आता कामाची चटक लागली आहे. दिवाळीत मित्राच्या काकांच्या फटाक्यांच्या स्टॉलवर बसू का, म्हणून विचारत होता. त्याला स्फोटकांचं कलम वाचायला दिलं आहे, आणि आकाशकंदिलांच्या स्टॉलचा पत्ताही.