अख्खा ग्रेहाउंड, की शेपटीएवढा हिस्सा?

लंडनमधल्या रॉमफर्डच्या ट्रॅकवर ग्रेहाउंड कुत्र्यांची 400 मीटरची शर्यत चोवीस-पंचवीस सेकंदांत उरकते. तेवढ्यात शेजारचा अनोळखी माणूस आनंदाने पाठीत धपाटा घालतो आणि घरी जाताना डोक्यात किडा वळवळायला लागतो, की आपलाही एक कुत्रा असावा. लातूरकडची कारवानी कुत्री बघत वाढलेल्या माझ्या मित्राचं तर पहिल्याच रात्री ठरलं होतं. प्रश्न एवढाच, अख्खा घ्यायचा की भागीत?

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. कुत्रा तुमच्या घरी येत नाही. ब्रिटनमध्ये जीबीजीबी या नियामक संस्थेच्या ट्रॅकवर पळणारा कुत्रा परवानाधारक ट्रेनरच्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या निवासात राहतो आणि ट्रेनर दिवसाच्या हिशेबाने पैसे लावतो. कुत्रा पळो न पळो, मीटर चालू.

अख्खा कुत्रा घेतलात तर ट्रेनर कोण, कधी थांबायचं, हे सगळं तुमच्या हातात. बिलंही सगळी तुमचीच. पाय दुखावला, मादी असेल आणि माजावर आली, की दोन-तीन महिने बसूनच काढावे लागतात. शिवाय कुठल्या दिवशी, कुठल्या ग्रेडमध्ये, म्हणजे वेगानुसार पाडलेल्या कुठल्या गटात पळायचं हे ट्रॅकचा रेसिंग मॅनेजर ठरवतो. बऱ्याच शर्यती सट्टेवाल्यांच्या दुकानांसाठी आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी-दुपारी होतात. तुम्ही ऑफिसात मीटिंगमध्ये आणि कुत्रा तिकडे जिंकतोय, असं होणारच. म्हणून कुत्र्याआधी ट्रॅक निवडा, घराजवळचा.

आम्ही पाच जणांनी मिळून एक काळी कुत्री घेतली. पहिल्याच शर्यतीत तिला सुटण्यासाठी चार नंबरचा पिंजरा मिळाला, म्हणजे काळं जॅकेट. काळ्यावर काळं, दिव्यांखाली आम्हाला ती दिसलीच नाही. पुढे एकदा दोन तास गाडी हाकत गेलो, तर तिचं वजन 26.8 किलोवरून 25.7 वर आलेलं. मागच्या शर्यतीपेक्षा एक किलोहून जास्त फरक पडला की कुत्रा त्या दिवशी बाद. पाचही जण चिप्स खाऊन परत आलो. एकट्याचं असतं तर जीव जळला असता, पाच जणांत त्याची गंमत झाली.

पण दोस्तीखात्यातल्या भागीतही चार ओळी कागदावर हव्यात. महिन्याचे पैसे किती, मध्येच कुणी सोडलं तर काय, आणि ट्रेनरला फोन कोण करणार. फोन एकानेच करायचा. पाच मालकांचे पाच सल्ले ऐकणारा ट्रेनर अजून जन्माला यायचाय.

दहा-वीस अनोळखी लोकांच्या मोठ्या सिंडिकेटमध्ये डोकेदुखी कमी. ठरलेली रक्कम भरा, रविवारी केनेलवर जाऊन कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवा. निर्णयात मात्र तुम्हाला कुणी विचारत नाही. नुसती चव बघायची असेल तर हे बरं.

पिल्लू घेण्याच्या फंदात पहिल्यांदा पडू नका. ब्रिटनमध्ये पळणारे बहुतेक कुत्रे आयर्लंडमध्ये जन्मलेले असतात. पंधरा महिने पुरे होईपर्यंत त्यांना शर्यतीत उतरवता येत नाही, आणि तोवर सांभाळण्याचा खर्च चालूच. एवढं करून पिल्लाला शर्यतीत पुढे पळवतात त्या नकली सशामागे धावण्यात रसच नसेल तर? त्यापेक्षा आयर्लंडच्या विक्री-ट्रायलमध्ये घड्याळ लावून पळवलेला कुत्रा घेतलेला परवडतो.

पैसे सुटतील या आशेने तर मुळीच येऊ नका. इंग्लंडमधल्या टोस्टर गावच्या ट्रॅकवरच्या डर्बी या मोठ्या शर्यतीत विजेत्याला अलीकडे 1,75,000 पौंड मिळाले आहेत, पण साध्या ग्रेडच्या बक्षिसांतून केनेलचं बिल निघालं तरी नशीब. त्यात या खेळाचं भवितव्यही डळमळीत आहे. न्यूझीलंडने डिसेंबर 2024 मध्ये बंदी जाहीर केली, फेब्रुवारी 2025 मध्ये वेल्स सरकारनेही तोच इरादा सांगितला आणि लंडनमधला क्रेफर्डचा ट्रॅक त्याच वर्षी जानेवारीत बंद झाला.

आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. कुत्रा थकल्यावर कुणाकडे? चार-पाच वर्षांचा झाला की त्याचं पळणं संपतं, आयुष्य मात्र बारापर्यंत असतं. 2020 पासून नोंदणीच्या वेळीच निवृत्तीसाठी पैसे बाजूला काढण्याची योजना आहे. सुरुवातीला ती रक्कम 400 पौंड होती, निम्मी मालकाची. हे पैसे नवं घर शोधून देणाऱ्या मान्यताप्राप्त केंद्राला जातात. कागदावर आम्ही सगळं लिहिलं होतं, एवढं सोडून. काळीला कोण नेणार यावर तीन आठवडे वाद झाला, कारण प्रत्येकालाच ती हवी होती.