बिलावर रिले, गाडीत मात्र बॅटरीवरून थेट तार

गाडीच्या पुढच्या बंपरमध्ये दिवसा पेटणाऱ्या एलईडी पट्ट्या, ज्यांना सगळे सरसकट डीआरएल म्हणतात, त्या बसवून देताना पुण्यातील एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाने माझी फसवणूक केली. दिवे चालू माल असणार हे त्यांच्या किमतीवरूनच दिसत होते आणि त्याबद्दल माझी मोठी तक्रार नाही. फसवणूक झाली ती वायरिंगमध्ये, म्हणजे बोनेटखालच्या आणि बंपरमागच्या अशा भागात, जो गिऱ्हाईक कधी उघडून पाहत नाही आणि ज्यासाठी त्याच्याकडून दिव्यांपेक्षा जास्त पैसे घेतलेले असतात. मला मिळालेल्या पावतीवर दिव्यांच्या जोडीचे २,२०० रुपये आणि ‘रिले वायरिंग, फ्यूज व फिटिंग’ या नावाखाली २,६०० रुपये लावलेले होते (रिले म्हणजे थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच). यातील दुसऱ्या ओळीतली एकही गोष्ट माझ्या गाडीत प्रत्यक्ष काम करत नव्हती.

माझी गाडी मधल्या श्रेणीतील हॅचबॅक आहे. वरच्या श्रेणीत कंपनीनेच डीआरएल दिलेले आहेत आणि त्याखालच्या श्रेणींत त्या जागी काळ्या प्लास्टिकचे झाकण आहे. हे झाकण काढून तिथे नेमकी बसेल अशी पट्टी बाजारात सहज मिळते, त्यामुळे असे गिऱ्हाईक दुकानदाराला नवीन नसते. दुकानदाराने सांगितले की, “साहेब, प्लग अँड प्ले आहे, एकही वायर कापायची नाही, वॉरंटीला धक्का लागणार नाही,” आणि पुढे असेही की सरकारने हे दिवे सक्तीचेच केले आहेत, आज नाही तर उद्या बसवावेच लागतील. यातील शेवटचे विधान तर उघड दिशाभूल होती. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप पेटला पाहिजे असा नियम आला, तो दुचाकींचा आहे. चारचाकीच्या बंपरमध्ये बाजारातून आणून पट्ट्या लावण्याशी त्याचा काही संबंध नाही. युरोपात फेब्रुवारी २०११ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना हे दिवे कारखान्यातूनच द्यावे लागतात, आणि त्यामुळे तिथल्या नियमांत त्यांची तीव्रता, जागा आणि जोडणी हे सगळे ठरवून दिलेले आहे. दुकानदार सक्तीचा दाखला देतात, पण त्या सक्तीसोबत आलेल्या अटींबद्दल ते एक अक्षर काढत नाहीत.

आता काय करायचे ठरले होते ते सांगतो, म्हणजे काय केले नाही ते कळेल. दिव्यांना वीज बॅटरीवरून घ्यायची, मात्र बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज घालायचा, पुढे रिले लावायचा आणि त्या रिलेला चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या एखाद्या फ्यूजवरून इशारा द्यायचा, ही या कामाची सरळ आणि जुनी पद्धत आहे. चारचाकीत वापरल्या जाणाऱ्या साध्या रिलेच्या पिनांवर आकडे छापलेले असतात: ३० वर बॅटरीची तार, ८७ वर दिव्याकडे जाणारी तार, आणि ८५ व ८६ या दोन पिना आतल्या गुंडाळीच्या, म्हणजे एकीवर चावीची वीज आणि दुसरीवर अर्थिंग. चावी बंद केली की गुंडाळीची वीज जाते, रिलेमधला संपर्क तुटतो आणि दिवे विझतात. शिवाय पट्टीला एक तिसरी तार असते. ती पार्किंग दिव्याच्या तारेला जोडली की रात्री हेडलाइट लावल्यावर पट्टी मंद होते किंवा विझते. युरोपीय नियमात तर हेडलाइट लागताच हे दिवे आपोआप बंद झालेच पाहिजेत असे म्हटले आहे, कारण ४०० ते १,२०० कँडेला (उजेडाच्या तीव्रतेचे एकक) इतका उजेड दिवसा दिसण्यासाठी ठीक असला, तरी रात्री तो समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो.

फिटिंग अर्ध्या तासात झाले. या एका गोष्टीवरूनच पुष्कळ समजण्यासारखे होते, कारण बंपर सैल करून, तारा मूळ वायरिंगच्या वाटेने ओढून, जोड सोल्डर करून त्यावर श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवायचे म्हटले तर सराईत माणसालाही दोन तास सहज लागतात. बोनेट उघडून मला रिले दाखवण्यात आला. बॅटरीशेजारी बॉडीला स्क्रूने पक्का बसवलेला, काळाकुळकुळीत, खालून चार तारा निघालेला. फ्यूज विचारल्यावर “आतमध्ये आहे, टेपखाली” असे उत्तर मिळाले. पावती मात्र ‘एस्टिमेट’ असे छापलेल्या कागदावर होती, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. पक्के बिल हवे असेल तर कराची रक्कम वरून द्यावी लागेल, असे ऐकवण्यात आले, म्हणजे कर चुकवण्याचा भारही जणू माझ्यावरच उपकार म्हणून टाकला जात होता.

उन्हाळा व्यवस्थित गेला. पावसाळा लागल्यावर चावी काढल्यानंतरही दिवे थोडा वेळ रेंगाळू लागले आणि नंतर एकदा शुक्रवारी संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून लावलेली गाडी सोमवारी सकाळी सेल मारायलाही तयार नव्हती. स्टार्टरचा नुसता टक टक आवाज येत होता. मल्टिमीटरवर बॅटरी ९ व्होल्टच्याही खाली गेलेली होती, तर चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. दोन्ही पट्ट्या मिळून साधारण १ अँपिअर वीज खातात हे नंतर मोजले. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे, म्हणजे साठ तासांत ती पूर्ण उतरणार हे सरळ गणित होते. गाडीची बॅटरी स्टार्टरला क्षणभर मोठा धक्का देण्यासाठी बनवलेली असते. ती अशी तळापर्यंत उतरवली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि मग ती चार्ज केली तरी पूर्वीसारखी टिकत नाही. माझीही टिकली नाही, आणि थोड्याच दिवसांत नवी घ्यावी लागली.

दुकानात गेल्यावर “पाणी गेलंय साहेब, पाण्याची वॉरंटी नसते” असे उत्तर मिळाले. पट्टीच्या खोक्यावर ‘आयपी ६७’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. यातील सातचा अर्थच असा की ती वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी आत पाणी शिरू नये. हे दाखवल्यावर दुकानदार म्हणाला की ते पट्टीसाठी आहे, पेटीसाठी नाही. ही पेटी कोणती, हा प्रश्न मला त्या वेळी पहिल्यांदा पडला, कारण पेटीचा उल्लेख ना बोलण्यात झाला होता ना पावतीवर.

त्याचा उलगडा आमच्या भागातील एका जुन्या वायरमनकाकांनी केला. त्यांनी आधी रिले सॉकेटमधून ओढून हातात घेतला आणि मला म्हणाले, “याच्या पिना बघा.” त्या नव्याकोऱ्या होत्या, त्यांच्यावर घासल्याचा ओरखडाही नव्हता. सॉकेट उलटे केल्यावर दिसले की खालून निघालेल्या चारही तारा दोन-तीन इंचांवर कापून, टेपने गुंडाळून, मूळ वायरिंगच्या जुडग्यात खोचून दिलेल्या होत्या. त्या कुठेही जात नव्हत्या. रिले हा केवळ मला दाखवण्यासाठी स्क्रूने बसवलेला नमुना होता. दिव्यांची खरी तार बॅटरीच्या धन टोकाच्या बोल्टखाली दाबलेली होती, तिच्यावर कोणताही फ्यूज नव्हता, आणि ती बंपरमागे काडेपेटीएवढ्या एका प्लास्टिकच्या पेटीत जाऊन तिथून दिव्यांकडे गेली होती.

ही पेटी काय करते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण बाजारातील बऱ्याच ‘प्लग अँड प्ले’ किटमध्ये हीच असते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरीला चार्ज करतो आणि व्होल्टेज १३.८ ते १४.४ च्या घरात जाते. इंजिन बंद झाले की ते खाली येते. पेटी हा फरक ओळखून दिवे लावते आणि विझवते, त्यामुळे चावीच्या तारेपर्यंत जावेच लागत नाही आणि फिटिंग अर्ध्या तासात उरकते. चांगल्या प्रतीची पेटी, फ्यूजसह आणि पाण्यापासून सांभाळून बसवली, तर हे चालूही शकते. माझ्या गाडीतील पेटीचे झाकण नखाने उघडले. कडेला रबर नव्हते, सिलिकॉन नव्हते, आतल्या छोट्या सर्किटवर हिरवट गंज चढला होता आणि दिवे चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन कायमचा ‘चालू’ राहिला होता. रात्री दिवे मंद करणारी तिसरी तारही काकांनी शोधून काढली. तिचे टोक कापून, मागे वळवून पट्टीलाच चिकटवलेले होते, आणि तेवढ्यामुळे मी इतके महिने समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत पूर्ण उजेड मारत होतो.

बॅटरी उतरणे हे यातले सर्वांत किरकोळ नुकसान म्हणावे लागेल. बिनफ्यूजची तार रेडिएटरच्या वरच्या पत्र्याच्या धारेवरून, कसलीही नळी न चढवता, ओढलेली होती आणि त्या धारेवर तिचे प्लास्टिक निम्मे झिजले होते. ते पूर्ण झिजून तार बॉडीला टेकली असती, तर बॅटरीने त्या बारीक तारेतून शेकडो अँपिअरचा झोत सोडला असता आणि मधे थांबवणारे काहीच नव्हते. काकांनी ब्लेडने ती तार खरवडून दाखवली तेव्हा वरचा तांबूस रंग गेला आणि आत पांढुरकी धातू दिसली. ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार होती. तिची वीज वाहण्याची क्षमता तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश असते, आणि कापलेल्या टोकाशी ओल लागली की ती लवकर खाल्ली जाते.

दिव्यांवरची मोहोरही खोटी निघाली. युरोपीय मान्यता असलेल्या दिव्याच्या काचेवर वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि देशाचा आकडा, त्यासोबत मान्यता क्रमांक आणि दिवसाच्या दिव्यासाठी असलेली ‘आरएल’ ही अक्षरे साच्यातूनच उमटलेली असतात. माझ्या पट्टीवर ‘ई ४’, म्हणजे नेदरलँड्सचे चिन्ह, एका चकचकीत स्टिकरवर होते, क्रमांक नव्हता, ‘आरएल’ नव्हते, आणि ओल्या बोटाने घासल्यावर त्याची कड सुटली.

काकांनी हेच दिवे नीट जोडून दिले. पाच अँपिअरचा फिकट तपकिरी ब्लेड फ्यूज, खरा रिले, तांब्याची तार, घासणाऱ्या जागी लवचीक नळी, चावीची वीज फ्यूजबॉक्समधून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागेतून जादा तार काढून देणाऱ्या जोडाने), आणि तिसरी तार पार्किंग दिव्याला. या सगळ्या सामानाचे मिळून पाचशे रुपयेसुद्धा झाले नाहीत. तेव्हा दुकानदाराने सामानात वाचवले ते फार थोडे. त्याने खरी चोरी केली ती दीड-दोन तासांच्या मेहनतीची, आणि ती झाकण्यासाठी चांगला चालू रिले खर्ची घालण्याइतका तो तयार होता. हे मला अजूनही थक्क करते. रिले जोडायला जेवढा वेळ लागला असता, त्याच्या निम्मा तरी तो न जोडता जोडल्यासारखा दाखवण्यात गेला असणार.

ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे त्यांनी दुकानातून निघण्यापूर्वी एवढे करावे: दिवे लागलेले असताना रिले सॉकेटमधून ओढून पाहावा. दिवे विझले नाहीत तर तो शोभेचा आहे. फ्यूजही तसाच काढून पाहावा, आणि ‘टेपखाली आहे’ हे उत्तर स्वीकारू नये, कारण ज्या फ्यूजपर्यंत हात पोहोचत नाही तो बदलणार कसा? हेडलाइट लावून पट्टी मंद होते की नाही ते भिंतीवर पाहावे. तारेचा एखादा तुकडा मागून घेऊन तो खरवडावा. एवढे पाहू द्यायला जो दुकानदार कुरकुर करेल, त्याच्याकडून गाडी तशीच परत न्यावी.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बॅटरी वॉरंटीत बदलून देण्यास नकार दिला, आणि बॅटरीच्या बोल्टखालची ती बाहेरची तार पाहिल्यावर त्यांना दोष देणे मला कठीण आहे. विमा प्रतिनिधीकडे चौकशी केल्यावर कळले की बाहेरून बसवलेली विजेची उपकरणे किंमत सांगून, जादा हप्ता भरून पॉलिसीत आयएमटी-२४ या कलमाखाली नोंदवावी लागतात. दुकानदाराने अर्थातच याचीही वाच्यता केली नव्हती. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, हेही त्याच्या ‘आरटीओचं काही नसतं’ या आश्वासनासोबत ठेवून पाहावे.

तक्रारीच्या बाबतीत ते एस्टिमेट उपयोगी पडले, कारण त्यावर ‘रिले वायरिंग, फ्यूज’ असे दुकानदाराच्या हस्ताक्षरात लिहिलेले होते आणि तीच रक्कम त्याच तारखेला यूपीआयने दुकानाच्या खात्यात गेल्याची नोंद माझ्याकडे होती. काहीही उचकटण्याआधी कापलेल्या तारांचे, फ्यूज नसलेल्या बोल्टचे आणि उघडलेल्या पेटीचे फोटो काढून ठेवले, आणि काकांकडून त्यांना जे आढळले ते तारखेसह लिहून, सही घेऊन ठेवले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर दुकानदाराचा फोन आला आणि त्याने फक्त दिव्यांचे २,२०० रुपये परत देण्याची तयारी दाखवली, म्हणजे ज्या वस्तूबद्दल माझी मोठी तक्रारच नव्हती तिचे. दुकानाला मोजलेली रक्कम पाच लाखांच्या पुष्कळ आत असल्याने वायरिंगचे पैसे आणि बॅटरीची किंमत मागण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे शुल्क पडत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. मी लेखी नोटीस पोचपावतीसह पाठवली आहे, आणि तिची मुदत संपताच अर्ज दाखल करणार आहे.