ब्लेचली पार्कचं नॅशनल रेडिओ सेंटर: एनिग्मा बघायला गेलो आणि बाबा मोर्सच्या किल्लीपाशी अडकले

रिव्ह्यू उशिराच लिहितोय, जाऊन आलो मार्चमध्ये. आईबाबा कराडहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि लंडन ब्रिज, राजवाडा, मादाम तुसाद हे सगळं पहिल्या पंधरा दिवसांतच संपलं, मग आता कुठं न्यायचं म्हणून ब्लेचली पार्क, दुसऱ्या महायुद्धात इंग्रज जर्मनांचे गुप्त संदेश फोडायचे ती जागा. तिथं एनिग्मा (संदेश गुप्त करायचं जर्मन यंत्र), ते फोडणारा ट्युरिंग वगैरे आहे हे सगळ्यांना माहीतच आहे आणि त्यावर ढीगभर रिव्ह्यू पडलेत, म्हणून मी तिथल्या वाड्याबद्दल आणि हट्सबद्दल, म्हणजे कोड फोडणारे बसायचे त्या खोपट्यांबद्दल, काही लिहिणार नाही. मला लिहायचंय ते त्याच आवारातल्या एका हॉलबद्दल, बरेच लोक आत डोकावून दोन मिनिटांत बाहेर पडतात तो. आम्ही तिथं दोन तास होतो!!

तर हे नॅशनल रेडिओ सेंटर. पार्कचं तिकीट काढलं की यातही जाता येतं, वेगळे पैसे नाहीत. चालवतं कोण, तर आरएसजीबी, म्हणजे रेडिओ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन, इथल्या हॅम लोकांची, म्हणजे हौसेखातर लायसन्स काढून रेडिओवर बोलणाऱ्यांची संस्था. सेंटर २०१२ मध्ये उघडलं पण संस्था जुनी आहे, १९१३ च्या जुलैत लंडनमध्ये एका गृहस्थाच्या घरी चार हौशी माणसं जमली आणि लंडन वायरलेस क्लब सुरू झाला, नंतर एकदोनदा नाव बदलत बदलत १९२२ मध्ये आत्ताचं नाव आलं. म्हणजे आपल्या गल्लीतल्या मंडळासारखीच सुरुवात, फक्त गणपतीच्या जागी स्पार्क ट्रान्समीटर.

मी स्वतः हॅम आहे हे आधीच सांगतो म्हणजे कोणी म्हणायला नको की एकतर्फी लिहिलंय. इंजिनिअरिंगला असताना गच्चीवर बांबू लावून चाळीस मीटर तरंगलांबीसाठी डायपोल, म्हणजे तारेची एरियल, टाकला होता, त्याला लांबीच्या निम्मी म्हणजे वीस मीटर वायर, नायलॉनची दोरी, आणि सोसायटीचे सेक्रेटरी दर रविवारी वर येऊन विचारायचे की वीज पडली तर जबाबदार कोण. इथं आल्यावर परत फाउंडेशनची, म्हणजे हॅम लायसन्सच्या पहिल्या पायरीची परीक्षा दिली, २६ प्रश्न, १९ बरोबर आले की पास, कोविडपासून घरबसल्या ऑनलाइन देता येते. पूर्वी फाउंडेशनवाल्याला ट्रान्समीटरसाठी फक्त १० वॉट मिळायचे, २०२४ च्या फेब्रुवारीपासून २५ झालेत.

आता मुख्य मुद्दा. बाहेर सगळं कौतुक कोड फोडणाऱ्यांचं चालतं आणि ते बरोबरच आहे. पण फोडायला आधी हातात काहीतरी यायला लागतं ना, ते यायचं कुठून? ब्लेचलीत स्वतः शत्रूचे रेडिओ संदेश फारसे ऐकले जातच नव्हते, कारण मोठमोठ्या एरियल उभ्या केल्या तर वरून विमानाला दिसणार की इथं काहीतरी आहे. ऐकायचं काम देशभर पसरलेल्या वाय स्टेशन्सवर चालायचं. आणि त्याच्याही पलीकडे होते घरी बसून ऐकणारे हॅम.

ही गोष्ट मला अर्धवट माहीत होती, तिथल्या व्हॉलंटियर काकांनी नीट सांगितली. युद्ध सुरू झालं तेव्हा १९३९ मध्ये सगळ्या हॅमची लायसन्स रद्द झाली आणि पोस्ट खात्याची माणसं घरी येऊन ट्रान्समीटर उचलून घेऊन गेली. ज्याचा सेट गेलाय त्याचं काय होतं ते ज्याचा गेलाय त्यालाच कळतं. आणि मग थोड्याच दिवसांत त्यातल्याच काहींना गुपचूप निरोप आला की तुम्हाला मोर्स येतं, रिसीव्हर आहे, आमच्यासाठी ऐकाल का. व्हॉलंटरी इंटरसेप्टर्स म्हणायचे त्यांना, सगळे मिळून साधारण दीड हजार. आधी हेतू होता इंग्लंडमध्ये लपलेल्या जर्मन हेरांचे सिग्नल पकडायचा, ते तर जवळजवळ सापडलेच नाहीत, पण युरोपातून येणारे एकदम बारीक, गोंगाटात दबलेले सिग्नल सापडायला लागले, ते निघाले आब्वेरचे, म्हणजे जर्मन लष्करी गुप्तहेर खात्याचे. दिवसभर नोकरी किंवा दुकान, आणि रात्री घरातल्या कोपऱ्यात हेडफोन लावून पाच पाच अक्षरांचे अर्थहीन गट कागदावर उतरवायचे, पाकिटात घालायचे आणि पोस्टात टाकायचे. पत्ता फक्त बॉक्स २५, बार्नेट. बस. आपण लिहिलेल्याचं पुढं काय झालं ते कळायचं नाही, घरच्यांना सांगायचं नाही, आणि धडधाकट माणूस लढाईवर का जात नाही म्हणून शेजारी विचारायला लागले तर काहींना ऑब्झर्व्हर कोअरचा युनिफॉर्म दिला होता घालून फिरायला.

त्या कागदांवरून डिसेंबर १९४० मध्ये आब्वेरचा हाताने केलेला सायफर, म्हणजे गुप्तलिपी, फुटला आणि बरोबर एक वर्षानं, १९४१ च्या डिसेंबरमध्ये, ब्लेचलीतल्या डिली नॉक्सच्या टीमनं त्यांची एनिग्मासुद्धा फोडली, त्यात मेव्हिस लिव्हर ही वीस वर्षांची पोरगी होती. याचा उपयोग असा झाला की इंग्रजांनी फितवलेले हेर जर्मनीला ज्या थापा पाठवत होते त्यावर तिकडं विश्वास बसतोय की नाही हे थेट वाचता यायला लागलं, १९४४ मध्ये हल्ला नॉर्मंडीत नाही कॅलेला होणार ही थाप पचली ती याच जोरावर.

हे ऐकताना मला सारखी आपली १९४२ आठवत होती. त्याच वर्षी मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथीदार काँग्रेस रेडिओ चालवत होते, रोज जागा बदलत, ४२.३४ मीटरवर. हिशोब करा, ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येतं, म्हणजे आजचा आपला चाळीस मीटरचा हॅम बँड! त्यांच्या ट्रान्समीटरमागचा तंत्रज्ञ नरिमन प्रिंटर हा हॅम, त्याचंही लायसन्स युद्धामुळंच गेलेलं, आणि शेवटी नोव्हेंबरमध्ये पोलिसांना जागा दाखवली तीही त्यानंच. म्हणजे तीच हौस, तोच बँड, एकीकडं सरकारसाठी ऐकणारे आणि एकीकडं सरकारपासून लपून बोलणारे. मी हे काकांना सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं, मला बरं वाटलं.

बरं आता बाबांचं. बाबा तार ऑफिसातून रिटायर झाले. १९७१ ला लागले तेव्हा तालुक्याच्या गावी अजून मोर्सवर तारा यायच्या, टेलिप्रिंटर नंतर आला, आणि २०१३ च्या जुलैत तार कायमची बंद झाली त्या दिवशी ते जेवले नव्हते नीट. तर तिथं एका टेबलावर मोर्सची किल्ली ठेवलीय, मुलांनी आपलं नाव वाजवून बघावं म्हणून, शेजारी तक्ता. माझी मुलगी तक्ता बघून एकेक अक्षर शोधत होती, बाबा मागं हात बांधून उभे. मग म्हणाले, "सरक जरा बाळा." आणि बसले. पहिली दोन अक्षरं अडखळली, मग मनगट सैल झालं आणि जे काही सुरू झालं ते मला, लायसन्स असलेल्या माणसाला, एक शब्द कळेना. काका पलीकडच्या टोकाकडून चालत आले, उभे राहून ऐकलं, आणि म्हणाले की हे कराड काय आहे?

मग दोघांची जुंपली ती जुंपलीच. इंग्रजी दोघांचीही एकमेकांना धड कळत नव्हती, मी मध्ये दुभाष्या. बाबांची तक्रार अशी की हे पीं पीं काय, आमच्याकडं पितळी साउंडर असायचा, त्याचा कडकट्ट कडकट्ट आवाज, सूर नाहीच, दोन ठोक्यांमधलं अंतर ऐकून टिंब की रेघ ते ओळखायचं, आणि आवाज मोठा यावा म्हणून मागं तंबाखूचा पत्र्याचा डबा लावायचा. काकांना डब्याची आयडिया फार आवडली. मी बाबांना विचारलं की घरी कधी बोलला नाहीत हे, तर म्हणाले, "अरे त्यात काय सांगायचं, नोकरी होती." आई बाकावर बसून थर्मासमधला चहा पीत होती, ती म्हणाली की लग्नानंतर पहिली दोन वर्षं हे झोपेतसुद्धा बोटं आपटायचे.

आतल्या बाजूला चालू स्टेशन आहे, कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, जीबी-३-आरएस. काचेच्या पेटीतलं नाही, खरं चालू, व्हॉलंटियर बसून बोलत असतात आणि तुम्ही शेजारी उभं राहून काहीही विचारा. लायसन्सवाल्यांनी आपल्या लायसन्सची कॉपी नेली तर स्वतः बसता येतं, मी गाढव, घरी विसरलो. पण मुलीला माइक दिला त्यांनी, लायसन्सवाला शेजारी असेल तर आता इथं चालतं तसं, तिनं वीस मीटरच्या बँडवर इटलीतल्या एका आजोबांना नमस्कार, माय नेम इज वगैरे सांगितलं आणि त्यांनी तिकडून नमस्ते म्हटल्यावर ती एवढी लाजली की माइक सोडून पळाली.

क्यूओ-१०० चा सेटअपही दाखवला. हे माहीत नसेल तर सांगतो, २०१८ मध्ये कतारचा एशैल-२ उपग्रह गेला त्यावर हॅमसाठी ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेला सिग्नल परत खाली पाठवणारं यंत्र, बसवलाय, तेच क्यूओ-१००, भूस्थिर आहे, २५.९ अंश पूर्वेला, त्यामुळं ब्राझीलपासून थायलंडपर्यंत एकाच वेळी सगळे एका आवाक्यात, आपला भारत त्यात आला. बोलल्यावर आपलाच आवाज पाव सेकंदानं परत ऐकू येतो, गंमत वाटते. खर्च न करता ऐकायचं असेल तर इथल्या गूनहिलीचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा रिसीव्हर आहे, मोबाइलवर उघडा, साताऱ्यातल्या सोफ्यावरसुद्धा चालतो.

आता थोडं कुरकुरतो. जागा लहान आहे. रेडिओत रस नसलेल्या माणसाचं वीस मिनिटांत उरकेल, माझ्या बायकोचं उरकलं, ती तळ्याकाठी जाऊन बसली. तक्ते छान आहेत पण खरी मजा माणसांशी बोलण्यात आहे, त्यामुळं तुम्ही बुजरे असाल तर अर्धं निसटेल, विचारा, ते वाटच बघत असतात. आणि कोलोसस आणि बॉम्ब (स्फोटाचा नव्हे) ही कोड फोडायची चालणारी यंत्रं इथं नाहीत, ते शेजारच्या नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंगमध्ये, त्याचं तिकीट वेगळं, एका दिवसात दोन्ही करायला जाऊ नका, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे बोलतात.

माझी मोठी जळजळ वेगळीच आहे. आपल्याकडं मी ज्या क्लबात शिकलो (नाव नको) त्याच्या शॅकला, म्हणजे रेडिओच्या खोलीला, कायम कुलूप, किल्ली ज्यांच्याकडं ते गावाला. तिथंही भूकंपापुरात रात्र रात्र बसलेली माणसं होती, पण शाळेतल्या पोरांना आत घेऊन कोणी कधी माइक हातात दिला नाही. ते इथं दिसलं म्हणून पाच स्टार, जागेसाठी अर्धा कापला असता पण बाबांमुळं राहू दे.

जाणाऱ्यांसाठी: लंडनच्या युस्टनहून ब्लेचलीला थेट गाड्या आहेत, स्टेशनवरून गेट पाच मिनिटांवर, टॅक्सी करू नका, आम्हाला एकानं उगाच गोल फिरवून नेलं. आरएसजीबीचे मेंबर असाल तर साइटवरून फुकट प्रवेशाचं व्हाउचर मिळतं. मेंबर नसाल तरी तिकीट वर्षभर चालतं, परत परत जाता येतं. आमची पुढच्या मार्चपर्यंत आहेत, मुलीला आणि मला परत जायचंय, यावेळी लायसन्सची कॉपी आत्ताच गाडीच्या खणात ठेवलीय. मागं दोन सीट रिकाम्या आहेत, रीडिंग शहराकडचं कोणी असेल तर कळवा.