बेळगावहून गोवा: चोर्ला, अनमोड की आंबोली?

पणजी-म्हापशाला जायचंय, गाडी छोटी आहे आणि हातात उजेड आहे, तर चोर्ला. पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी करत साधारण सव्वाशे किलोमीटर. बाकीचे दोन घाट कधी घ्यायचे, हे मात्र कोणता रस्ता कशासाठी झाला ते पाहिलं की लवकर उमगतं.

आंबोलीचा रस्ता मुरलेला. बेळगावात इंग्रजांची छावणी, माल उतरायचा वेंगुर्ले बंदरात. जुनी वाट रामघाटाची, पण ती फार खडी. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीचा, म्हणजे आजचा आंबोली घाट बांधला. भरलेली बैलगाडी चढली पाहिजे, हा हिशेब होता. त्यामुळे चढ आजही अंगावर येत नाही. 1880च्या दशकात गोव्यातल्या मुरगाव बंदराची रेल्वे घाटावर चढली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार बसला. सावंतवाडी, बांदा किंवा पेडण्याकडे काम असेल तर हिंडलगा-शिनोळीवरून हाच रस्ता धरा. पावसाळ्यातला रविवार तेवढा टाळा. धबधब्याखाली भिजणाऱ्यांच्या गाड्या अर्धा रस्ता अडवून उभ्या असतात.

अनमोड लांबचा. खानापूर, रामनगर, मोले करत पणजीला पंचवीस-तीस किलोमीटर जादा पडतात. पण अवजड गाडी असेल किंवा फोंड्याला जायचं असेल तर हाच सोयीचा.

आता चोर्ला. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग झालाय, पण समोरून ट्रक आला की खरी रुंदी कळते. कणकुंबीत माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम. ती पूर्वेला वाहते, आणि जवळच्याच कळसा नाल्याचं पाणी पश्चिमेला म्हादईत जातं. कर्नाटक आणि गोव्याचं भांडण याच पाण्यावरून. कणकुंबीपर्यंत गाडी सुखानं पळते, खड्डे सोडले तर. खरी परीक्षा गोव्याच्या हद्दीत, सुर्ल्याहून केरीकडे उतरताना. एकामागून एक वळणं, आणि जुलैत धुकं असं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसतात. गोव्याला भाजी टाकून रिकामे परतणारे टेंपो सकाळी वळणावरही वेग कमी करत नाहीत. हॉर्न देत चला. मोबाईलची रेंज मधूनमधून जातेच.

पाऊस लागला असेल तर जांबोटीला चहासाठी थांबा आणि घाट चढून आलेल्या एखाद्या ड्रायव्हरला विचारा. तो नको म्हणाला, तर तिथूनच खानापूरचा रस्ता धरून अनमोडला जाता येतं; बेळगावला परतावं लागत नाही.