१५४१ ची रॅम: चिपवर चिप, की कापून सॉकेट?

कमोडोर १५४१ हा जुना फ्लॉपी ड्राइव्ह चालू केल्यावर मोटर फिरतच राहिली आणि लाल दिवा विझला नाही, तर दिव्याकडून काही कळत नाही. तो मोजून लुकलुकत असेल तर मात्र नशीब समजा. एकदा म्हणजे दोष झीरो पेजमध्ये (रॅमचे पहिले २५६ बाइट), दोनदा-तीनदा म्हणजे रॉम, चारदा म्हणजे उरलेली रॅम. (रॅमवरच भरवसा नसल्यामुळे लुकलुकण्याचा आकडा प्रोसेसरच्या आतल्या स्टॅक पॉइंटर या रजिस्टरमध्ये ठेवला आहे. ही युक्ती मला फार आवडते.) रॉम सॉकेटात असली तर बदलून बघता येते. घोळ होतो तो सोल्डर केलेल्या २ केबी रॅमचा.

पिगीबॅक, म्हणजे चिपवर चिप, सोपे आहे. ड्राइव्ह बंद ठेवून जुन्या चिपवर चांगली ६११६ (२ केबीची रॅम चिप) त्याच दिशेने चढवायची, २४ च्या २४ पाय खाली टेकवायचे आणि चालू करायचे. काही कापायचे नाही, काही तापवायचे नाही. मीही आधी तेच केले. दिवा तरीही एकदाच लुकलुकत राहिला, तेव्हा रॅमला निर्दोष ठरवून मी ६५०२ (प्रोसेसर) आणि दोन्ही ६५२२ (इनपुट-आउटपुट चिप) यांच्या मागे लागलो. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

दोष रॅममध्येच होता. खालची चिप मरून गप्प बसली असेल तर वरची तिचे काम उचलते. पण तिची एखादी डेटा लाइन शून्याला घट्ट धरून बसली, तर वरचीने एक पाठवला तरी डेटा बसवर (दोघींच्या सामायिक तारांवर) बहुधा शून्यच उमटतो. त्यात एखादा पाय नीट टेकलेला नसतो, अंगठ्याने दाबले की निकाल बदलतो, आणि चिप वाईट की अंगठा, हेच कळेनासे होते. मला वैताग आला तो याचाच.

म्हणून हल्ली मी सरळ कापतो. चिपचे पाय तिच्या अंगालगत कापायचे, उरलेले तुकडे एकेक तापवून चिमट्याने उचलायचे, भोके साफ करून सॉकेट लावायचे. अर्धा-पाऊण तास जातो आणि जुनी चिप चांगली निघाली तरी ती गेलीच. पण त्यानंतरचे उत्तर माझ्या अंगठ्यावर अवलंबून नसते.

हात सोल्डरिंगला बसलेला नसेल, तर पिगीबॅक आधी करून बघायला हरकत नाही. दिवा सुधारला तर चोर सापडला. नाही सुधारला तर मात्र रॅमला लगेच सोडून देऊ नका. आणि कापायचे ठरले तर अख्खी चिप ओढून काढायचा मोह टाळा, बोर्डावरचे तांब्याचे पॅड उखडतात.